मुंबईतील ई-मेलची टपालपेटी : दूरस्थ सर्व्हरवरून पत्र आणण्याच्या पद्धती आणि पत्रांचा ताबा

प्रस्तावना :

पत्रव्यवहार हे इतिहासलेखनाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. शासकीय पत्रव्यवहाराच्या जतनाची परंपरा मुंबईत जुनी असून महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराचे दप्तर फोर्टमधील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. घरगुती पत्रे मात्र ट्रंकेत, कपाटात किंवा तारेला टोचून ठेवलेली असत आणि त्यांतील काही पुढे अभ्यासकांच्या हाती येत. १९९५ नंतर गिरगाव-दादरसारख्या वस्त्यांतील सुशिक्षित कुटुंबांचा, विशेषतः परदेशी गेलेल्या मुलांशी होणारा पत्रव्यवहार हळूहळू ई-मेलकडे वळला. त्या पत्रांचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही पत्रे लोकांच्या निष्काळजीपणामुळे हरवली, असे सर्वसाधारण उत्तर मिळते. हरवण्याचे एक मूळ कारण दूरच्या मेल सर्व्हरवरून पत्र आणण्याच्या तांत्रिक पद्धतीत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

टपाल कार्यालयाचा नमुना :

१९१३ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसची घुमटाकार इमारत सर्वपरिचित आहे. टपाल खात्याच्या व्यवस्थेत पत्र घरी पोहोचविणारा पोस्टमन जसा असतो, तशी ग्राहकाने स्वतः जाऊन उघडावयाची पोस्ट बॉक्सही असते. ई-मेलने या दोन्ही पद्धती उचलल्या. १९८२ मध्ये निश्चित झालेल्या एसएमटीपी या प्रोटोकॉलने पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जाते. परंतु घरातील संगणक सदैव चालू नसतो. म्हणून पत्र सर्व्हरवरील पेटीत थांबते आणि ग्राहकाला ते तेथून आणावे लागते. या कामासाठी १९८४ मध्ये जो प्रोटोकॉल तयार झाला, त्याचे नावच पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे पॉप, असे ठेवण्यात आले. त्याची तिसरी आवृत्ती, पॉप३, १९८८ मध्ये आली.

पॉप३ चा संवाद अत्यंत साधा आहे. ग्राहकाचा संगणक आपले नाव व पासवर्ड सांगतो, पेटीत किती पत्रे आहेत ते विचारतो, एकेक पत्र मागून घेतो, घेतलेले पत्र काढून टाकण्यास सांगतो आणि निरोप घेतो. मात्र प्रत्येक आज्ञावलीकाराने हा संवाद नव्याने लिहिणे व्यवहार्य नसते. म्हणून अशा कामांसाठी तयार आज्ञावलींचा संग्रह वापरतात. संगणकक्षेत्रात त्याला लायब्ररी म्हणतात. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आयमॅप हा दुसरा प्रोटोकॉल सुरू केला. त्यात पत्र सर्व्हरवरच राहते व ग्राहक ते दुरून वाचतो. वॉशिंग्टन विद्यापीठात क्रिस्पिन यांनी विकसित केलेली सी-क्लायंट ही लायब्ररी स्थानिक पेटी, पॉप व आयमॅप अशा तिन्ही प्रकारच्या पेट्या एकाच रीतीने उघडत असे. त्याच विद्यापीठात तयार झालेला पाइन हा ई-मेल वाचण्याचा प्रोग्रॅम या लायब्ररीवर उभा होता.

जुहू-पवई ते फोर्ट :

मुंबईतील ई-मेलचा आरंभ संशोधनसंस्थांत झाला. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकविषयक केंद्रातून पुढे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था आकारास आली व जुहू येथे स्थिरावली. डॉ. श्रीनिवासन रमणी हे तिचे संचालक होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पांतर्गत १९८७-८८ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी व पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीमार्गे नियमित ई-मेल सुरू झाला. एक संगणक दुसऱ्याला दूरध्वनी करी आणि साठलेली पत्रे एकगठ्ठा पलीकडे जात. १९८९ मध्ये एनसीएसटीचा अमेरिकेतील यूयूनेटशी सेकंदाला ९,६०० बिट वेगाचा जोड झाला.

सर्वसामान्य नागरिकास ही सोय १५ ऑगस्ट १९९५ रोजी मिळाली. त्या दिवशी विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजे व्हीएसएनएल, या सरकारी कंपनीने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तिचे मुख्यालय फोर्टमधील महात्मा गांधी मार्गावर होते, तर दादरनजीक प्रभादेवी येथे तिचे लोकमान्य विदेश संचार भवन होते. सुरुवातीस वैयक्तिक डायल-अप खात्याचे शुल्क २५० तासांना ५,००० रुपये, म्हणजे तासाला २० रुपये होते. दूरध्वनीचे बिल वेगळे. मुंबईच्या ग्राहकांच्या पत्त्यांत ‘जीआयएएसबीएम०१’ असे सर्व्हरचे नाव असे. त्याच वर्षी शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले. पत्त्यातील ‘बीएम’ने मात्र जुने नाव जपले.

ताब्याचे तीन प्रकार :

पत्र आणण्याच्या पद्धतीवरून ग्राहकांचे तीन वर्ग पडले. पहिला वर्ग शेल खातेदारांचा. त्यांचा घरचा संगणक केवळ पडदा व कळफलक म्हणून वापरला जाई. पाइन हा प्रोग्रॅम प्रत्यक्षात व्हीएसएनएलच्या यंत्रावर चाले. पत्र तेथेच येई, तेथेच वाचले जाई आणि मुद्दाम उतरवून घेतले नाही तर तेथेच राही. खाते संपले की पत्रेही संपत.

दुसरा वर्ग टीसीपी/आयपी खातेदारांचा. ते युडोरा, आउटलुक एक्सप्रेस यांसारखे प्रोग्रॅम वापरत. हे प्रोग्रॅम पॉप३ ने पत्रे घरच्या हार्ड डिस्कवर आणत आणि सर्व्हरवरील पेटी प्रायः रिकामी करत. घरात एकच दूरध्वनी, इंटरनेट चालू असेपर्यंत तो अडलेला आणि तासाचा हिशेब चालू; अशा स्थितीत लाइन जोडून पत्रे ओढून घेणे, लाइन तोडणे आणि मग निवांत वाचणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. पॉपची रचना मुंबईच्या दूरध्वनी-अर्थशास्त्राशी अशी जुळली. पण पत्राची एकमेव प्रत आता घरच्या डिस्कवर होती. संगणक बदलला किंवा डिस्क बिघडली की तीही गेली.

तिसरा वर्ग सायबर कॅफेत जाणाऱ्यांचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या कामगार कुटुंबांची आर्थिक घडी विस्कटली. घरी संगणक घेणे त्यांतील बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. या वस्त्यांतील तरुणांना हॉटमेल, याहू किंवा रेडिफमेलसारखी ब्राउझरमधून उघडणारी मोफत पेटी उपयोगी पडली. त्यांची पत्रे घरी कधी आलीच नाहीत. अशा रीतीने एकाच शहरात पत्राचा ताबा कोणाकडे राहणार हे बव्हंशी आर्थिक स्थितीने ठरविले.

तुटणारी लाइन आणि लिपी :

पॉप३ ची एक बाजू मात्र न्यायाने नोंदविली पाहिजे. त्यात ‘काढून टाका’ ही आज्ञा दिल्याबरोबर पत्र पुसले जात नाही. त्यावर केवळ खूण होते. ग्राहकाने रीतसर निरोप घेतल्यावरच सर्व्हर खुणा केलेली पत्रे काढतो. मधेच लाइन तुटली तर पेटी जशीच्या तशी राहते. त्यामुळे त्या काळातील ग्राहकाला एकच पत्र दोनदा मिळे, परंतु ते गहाळ होत नसे. आधी आणलेली पत्रे ओळखण्यासाठी प्रत्येक पत्राला स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची सोयही या प्रोटोकॉलमध्ये आहे.

लिपीचे नुकसान याहून सूक्ष्म आहे. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश असला तरी घरगुती संगणकावर तो पोहोचण्यास वेळ लागला. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फाँट विंडोज २००० सोबत आला. तोपर्यंत मराठी मजकूर रोमन लिपीत किंवा ‘शिवाजी’, ‘किरण’ यांसारख्या फाँटमध्ये लिहिला जाई. अशा फाँटमध्ये संगणकात साठतात ती इंग्रजी अक्षरांचीच चिन्हे. मराठी असते ते केवळ फाँटमधील आकारांत. लायब्ररी पत्र बिनचूक आणते, त्याचे सांकेतिक वेष्टनही उलगडते. पण कोणता फाँट होता हे माहीत नसेल तर आईने मुलाला लिहिलेले पत्र निरर्थक अक्षरांची रांग होऊन समोर येते.

आजची स्थिती :

२००४ मध्ये जीमेलने १ गिगाबाइटची पेटी दिली आणि पत्र दूरच्या सर्व्हरवरच ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पत्रे आता सुरक्षित आहेत, असा समज त्यातून पसरला. परंतु दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. म्हणजे खातेदाराच्या निधनानंतर त्याच्या पत्रांनाही मुदत आहे. पत्रे आणण्याची जुनी साधनेही निकामी होत आहेत. केवळ पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये दार बंद केले. सी-क्लायंटवर आधारलेला पीएचपी भाषेचा आयमॅप विस्तार २०२४ मध्ये त्या भाषेच्या मूळ संचातून वगळण्यात आला. पायथन भाषेत मात्र पॉप व आयमॅपसाठीच्या लायब्ररी आजही अंगभूत आहेत. त्यांच्या साहाय्याने संपूर्ण पेटी उतरवून एमबॉक्स या साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवता येते.

निष्कर्ष :

पत्र आणण्याची पद्धत ही केवळ तांत्रिक बाब नसून पत्राचा वारसा कोणाकडे जाणार याचा तो निर्णय असतो, हे मुंबईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. शेल खात्यांतील पत्रे सरकारी यंत्रावर संपली, पॉपने आणलेली घरच्या जुन्या डिस्कवर अडकली आणि ब्राउझरमधील पत्रे परक्या कंपनीच्या नियमांवर अवलंबून राहिली. यांपैकी दुसऱ्या प्रकारातील पत्रे अजूनही काही प्रमाणात वाचविता येतील. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी व महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी कुटुंबांकडून त्यांच्या संमतीने अशा डिस्क व पेट्या स्वीकारणे, त्यांतील फाँटची नोंद ठेवणे आणि मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे आज शक्य आहे. माळ्यावर टाकलेले संगणक भंगारात जाण्यापूर्वी हे काम हाती घेतले नाही, तर मुंबईच्या मराठी माणसाने एकोणिसाव्या शतकात घरी काय लिहिले हे पुढील अभ्यासकाला कळेल. विसाव्या शतकाच्या अखेरीस काय लिहिले, हे कळणार नाही.