राणीच्या बागेचे ऋतुचक्र

मुंबईस आलेला पाहुणा, मग तो वसईचा असो वा दूर हिंगोलीचा, राणीची बाग पाहिल्यावाचून सहसा परतत नसे. वाघ-हत्ती पाहून त्याचे मन भरे; परंतु ही बाग मुळात वृक्षांसाठी उभी राहिली, हे फार थोड्यांच्या ध्यानी येई. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आज जिचे नाव आहे, त्या बागेचा इतिहास पाहताना आम्हाला तिच्या संस्थापकांइतकेच तिला राखणाऱ्या हातांचे स्मरण होते.

पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग प्रथम शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त जेथे विसावले आहेत, तेथे एके काळी देशोदेशीची रोपे वाढत होती. भायखळ्याच्या ३३ एकर जागेवर नवी बाग सिद्ध झाली व १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली आणि १८९० मध्ये तिला आणखी १५ एकर जागा जोडण्यात आली. प्राणिसंग्रह वाढला तो त्यानंतर.

वसमतच्या हळद उत्पादकाचे वर्ष जसे मृगाकडे डोळे लावून सुरू होते, तसेच येथील माळ्याचेही. पाऊस येण्यापूर्वी वाळक्या व धोकादायक फांद्यांची छाटणी उरकावी लागते. पावसाळ्यात नवी लागवड, गुटी कलमे आणि पाण्याचा निचरा. पाऊस ओसरताच हंगामी फुलांची पेरणी, कारण हिवाळ्याच्या अखेरीस येथे महापालिकेचे पुष्पप्रदर्शन भरते. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी फुलते ती याच सुमारास. पुढे उन्हाळ्यात बहावा पिवळा होतो आणि माळी आळ्यांना पाणी घालत पुन्हा आभाळाकडे पाहू लागतो.

प्राण्यांची देखभाल करणाऱ्या सेवकांचे पंचांगही याहून निराळे नाही. चितळाची शिंगे दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात. मोराचा पिसारा पावसाळ्यानंतर झडतो. उन्हाळ्यात अस्वलांना गोठवलेली फळे द्यावयाची, पाण्याची डबकी भरलेली ठेवावयाची; पावसाळ्यात ओलसर जमिनीमुळे खुरांना इजा होऊ नये म्हणून दक्षता घ्यावयाची. बुधवारी प्रेक्षकांसाठी फाटक बंद असते; खाणे घालणे व स्वच्छता मात्र त्या दिवशीही चुकत नाही.

वृक्ष व प्राणी एकाच कुंपणात नांदत असले, तरी त्यांचे हित नेहमी एक नसते. २००७ साली महापालिकेने प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराची मोठी योजना पुढे आणली, तेव्हा जुन्या वृक्षराजीवर घाला येईल अशी भीती निर्माण झाली. बागेत तीन हजारांहून अधिक झाडे व त्यांच्या २८६ जाती आहेत, हे वृक्षप्रेमी नागरिकांनी झाडे मोजून दाखवून दिले. त्यांत पुढाकार होता तो काही स्त्रियांचा. त्यांच्या चिकाटीमुळे ती योजना मूळ स्वरूपात उभी राहू शकली नाही.

२०१६ च्या जुलैत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरील या पक्ष्यांसाठी मुंबईच्या उकाड्यात यंत्रांनी बारमाही गारवा राखावा लागतो. पहिल्याच ऑक्टोबरात त्यांतील एक दगावला. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरच जगले; पुढच्या वर्षांत मात्र येथे पिल्ले जगली व वाढली. लेकरे हरखून त्यांना पाहतात, त्यात गैर काही नाही. पण परक्या ऋतूतला जीव आणावयाचा, तर त्याचा ऋतूही रात्रंदिवस सांभाळावा लागतो, ही जबाबदारी प्रेक्षकांच्या कौतुकाने हलकी होत नाही.

कोनशिलेवर माळ्याचे नाव कोरण्याची रीत आपल्याकडे नाही. म्हणूनच बागेत जाणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे, की पिंजऱ्यांकडे वळण्याआधी एखाद्या गोरखचिंचेखाली क्षणभर थांबावे. तिला पाणी घालणाऱ्या, तिची छाटणी करणाऱ्या माणसांच्या पिढ्या सरल्या. ती अजून उभी आहे. पुढची योजना आखली जाईल तेव्हाही तिची सावली कोणीतरी हिशेबात धरली पाहिजे.