रुंद पान आणि अरुंद कागद

सातबाऱ्याचा उतारा ज्यांनीं एकदां तरी लक्षपूर्वक वाचला आहे त्यांना ठाऊक असतें कीं, जमीन कोणाच्या नांवावर आहे हें त्यांत डोळ्यांत भरेल असें लिहिलेलें असतें. पण तिच्यावर बोजा कोणाचा, कूळ कोण, हें पाहावयाचें तर नजर उजव्या बाजूस न्यावी लागते. ‘इतर अधिकार’ तेथें नोंदलेले असतात. बँकेच्या खातेउताऱ्यांतही शिल्लक बहुधा अखेरच्या रकान्यांत असते. डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्या समाजांनीं हिशेबाचें फलित उजव्या टोकालाच ठेविलें. म्हणून संगणकाच्या पडद्यावरील रुंद पान कागदावर उतरवितांना उजवी कड कापली गेली, तर चार अक्षरें गेलीं असें म्हणून भागत नाहीं; ज्याकरितां कागद छापावयाचा तोच भाग नाहींसा होतो. शिवाय अर्धें तुटलेलें वाक्य वाचणाऱ्याला चटकन खटकतें, परंतु संपूर्ण गळालेला रकाना खटकत नाहीं. असला कागद पुरा दिसतो, आणि खरा धोका त्यांतच आहे.

कागदाची रुंदी व मजकुराची रुंदी यांचा हा तंटा यंत्रानें निर्माण केलेला नाहीं. ताडपत्रावर लिहिणाऱ्यांना तो चांगला परिचित होता. ताडाचें पान निसर्गतःच लांबट आणि चिंचोळें. ओळ त्याच्या लांबीच्या दिशेनें धांवे, आणि पान जुनें होऊं लागलें कीं प्रथम कडा झडत. पुढें कागद आला, त्याला असें कांहीं बंधन नव्हतें; तरी पोथीनें आपला आडवा आकार सोडला नाहीं. लेखक दोन्ही बाजूंस उभ्या रेघा ओढून समास सोडी. हा समास केवळ शोभेसाठीं नसे. पोथी हातांत घेणाऱ्याचीं बोटें पडत तीं याच भागावर, आणि झिजे तोही हाच भाग. पण समास कोरा राही असें मात्र नाहीं. पानाचा अंक तेथें, ग्रंथाच्या नांवाचें संक्षिप्त रूप तेथें, आणि नकल करतांना एखादा शब्द राहून गेला तर ओळींत काकपदाची खूण करून तो शब्दही तेथेंच. म्हणजे पोथीची कड झडली तर बहुधा दुरुस्ती जाई आणि चूक मागें राही. जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्या संशोधकाला याहून चमत्कारिक अडचण क्वचितच भेटत असेल.

तथापि पोथीच्या लेखकाला एक मोठी सोय होती. पान आधीं त्याच्यापुढें असे व मजकूर मागून त्यावर उतरे. इ. स. १८६९ मध्यें जावजी दादाजी यांनीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. तेथें व मुंबईच्या इतर छापखान्यांतही धार्मिक ग्रंथ सुट्या, आडव्या पानांवर पोथीच्या आकारांत छापले जात. तेथील जुळाऱ्यालाही ओळीची लांबी आधींच ठरवून दिलेली असे, आणि खिळे त्या मापाबाहेर जाऊंच शकत नसत. टंकलेखनयंत्रानें हीच शिस्त एका घंटीवर सोंपविली: ओळ कडेजवळ आली कीं घंटी वाजे, आणि टंकलेखक शब्द पुरा करून पुढच्या ओळीकडे वळे.

संगणकाच्या आरंभीच्या काळांतही ही जोडी फुटली नव्हती. इ. स. १९५९ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें १४०३ नांवाचें छपाईयंत्र बाजारांत आणलें, त्याच्या एका ओळींत १३२ अक्षरें मावत. इंचास दहा अक्षरें या मानानें ओळ तेरा इंचांहून अधिक लांब झाली. तेव्हां त्यासाठीं दोन्ही कडांना भोकें असलेला, घडीवर घडी पडणारा पंधरा इंच रुंदीचा कागदच वापरांत आला. मोठ्या कचेऱ्यांतून असल्या कागदांचे गठ्ठे पाहिलेले लोक आजही आढळतील. मजकूर रुंद, म्हणून कागद रुंद, असा तो सरळ व्यवहार होता.

घरगुती छपाईयंत्राचा कागद मात्र निराळ्या वंशांतील आहे. लांबी व रुंदी यांचें प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतकें ठेविलें तर कागद मधोमध दुमडला असतां आकार तोच राहतो, हें जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यानें १७८६ सालच्या एका पत्रांत लिहून ठेविलें होतें. त्या कल्पनेवरून वॉल्टर पोर्स्टमान यानें मांडलेल्या मापांना १९२२ मध्यें जर्मनींत प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, आणि तेंच माप ‘ए-फोर’ या नांवानें जगभर गेलें: रुंदी २१० मिलिमीटर, उंची २९७. अमेरिकेनें तें स्वीकारलें नाहीं. तेथील ‘लेटर’ कागद साडेआठ इंच रुंद, म्हणजे ए-फोरपेक्षां सुमारें सहा मिलिमीटर जास्त. तिकडे काठोकाठ बसविलेला मजकूर इकडे कडेला खरचटतो, त्याचें एक कारण हें.

इ. स. १९९१ मध्यें जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंतून टिम बर्नर्स-ली याचें वेब जगापुढें आलें. त्यांतील पानाला मुळांत रुंदीच नव्हती, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. खिडकी जेवढी, तेवढ्यावर ओळ मोडे. पाणी भांड्याचा आकार घेतें, तसा मजकूर वागे. पण १९९५ च्या सुमारास तक्ते मांडण्याची सोय झाली, आणि छापील मासिकांच्या मांडणीला सरावलेल्या कलावंतांनीं त्या तक्त्यांचा सांपळा करून संबंध पान त्यांत जखडलें. अमुक ठिपके रुंद म्हणजे अमुकच. पुढें ९६० ठिपक्यांची रुंदी फार लोकप्रिय झाली. आतां हिशेब पाहावा. इंचास ९६ ठिपके या मानानें ए-फोर कागदाची रुंदी ७९४ ठिपके भरते. दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा इंच समास सोडला तर उरतात ६९८. समास अजिबात न सोडावा म्हटलें तर छपाईयंत्राची तयारी नसते. बहुतेक यंत्रांना कागदाच्या अगदीं काठावर शाई उमटवितां येत नाहीं. म्हणजे ९६० ठिपक्यांच्या पानाचा चौथाईहून अधिक भाग कागदाबाहेर राहणार हें छापण्याच्या आधींच ठरलेलें होतें. घंटी वाजविणारें कोणी नव्हतें.

उपाय दोन दिशांनीं झाले. एक दिशा आकसण्याची. २००६ मध्यें निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीनें रुंद पान छापतांना आपोआप लहान करून कागदावर बसविण्याची सोय दिली, व सामान्य माणसाचा त्रास पुष्कळ कमी झाला. पण हा उपाय बेताच्या रुंदीपुरताच. ९६० ठिपके ६९८ मध्यें बसवितांना बारा पॉइंटचें अक्षर पावणेनऊवर येतें, तें वाचवतें. अठराशे ठिपक्यांचा तक्ता तसाच बसविला तर तें पांचाच्याही खालीं जातें. देवनागरीला तर हें विशेष बाधतें. अक्षराचा देह कसाबसा ओळखूं येतो, परंतु अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतील बारकावे आधीं बुडतात. कडेचा मजकूर वांचला आणि मधला वाचतां येईनासा झाला, एवढाच काय तो फरक.

दुसरी दिशा ओळीला पुन्हां मोकळें करण्याची. हॉकन विउम ली या नॉर्वेच्या गृहस्थानें १९९४ मध्यें, सर्न येथेंच असतांना, मजकूर व त्याची मांडणी वेगळी ठेवण्याची योजना सुचविली. तिचें पहिलें प्रमाण १९९६ मध्यें ठरलें. १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणांत पडद्यासाठीं एक मांडणी आणि कागदासाठीं दुसरी, असें सांगण्याची तरतूद आली. कागदाचे समासही त्यांत लिहून देतां येऊं लागले. बाजूच्या याद्या व जाहिराती छापतांना वगळाव्या, रुंदीचें बंधन काढावें, मुख्य मजकूर कागदभर पसरावा, एवढें लिहिण्यास थोड्या ओळी पुरतात. इतकें असूनही बहुसंख्य संकेतस्थळांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. छापणारा वाचक त्यांच्या हिशेबांत नव्हता.

कागदाचा कैवार शेवटीं घेतला तो कागदाच्या प्रतिस्पर्ध्यानें. २००७ नंतर हातांतील फोनवर पानें वाचलीं जाऊं लागलीं आणि ९६० ठिपक्यांचें पान त्या चिंचोळ्या पडद्यावर अगदींच केविलवाणें दिसूं लागलें. २०१० मध्यें ईथन मारकॉट यानें रुंदीप्रमाणें बदलणाऱ्या मांडणीचा लेख लिहिला, आणि कांहीं वर्षांतच जखडलेलीं पानें पुन्हां लवचीक होऊं लागलीं. फोनकरितां केलेल्या या सोयीचा लाभ कागदाला आयताच मिळाला, कारण ६९८ ठिपक्यांचा कागद म्हणजे मांडणीच्या दृष्टीनें एक मध्यम पडदाच होय.

तक्त्यांचा प्रश्न मात्र एवढ्यानें सुटला नाहीं. वाक्य मोडून खालच्या ओळींत नेतां येतें. वीस रकाने मोडतां येत नाहींत. कित्येक पानांवर असा तक्ता एका चौकटींत ठेवलेला असतो व बोटानें बाजूला सरकवून पाहावयाचा असतो. कागद सरकत नाहीं. चौकटींत जेवढें त्या क्षणीं दिसतें तेवढेंच छापलें जातें. अशा वेळीं छापण्यापूर्वीं पानाचें पूर्वदर्शन पाहून उजवीकडचा शेवटला रकाना कोणता हें मूळ पानाशीं ताडून घ्यावें लागतें. मग कागद आडवा घेतला कीं तेवढ्याच समासांत ६९८ ऐवजीं १०२७ ठिपके मिळतात, आणि पुष्कळ तक्ते त्यांत मावतात. न मावले तर ते दोन कागदांवर विभागून, पहिला रकाना दोहोंवरही छापावा लागतो. नाहींतर दुसऱ्या कागदावरील आंकडे कोणाचे हें कळावयास मार्ग राहत नाहीं. पोथीच्या प्रत्येक पानाच्या समासांत ग्रंथाचें नांव लिहीत, तें याच गरजेपोटीं.