जुने फिरते जनित्र: खरेदी, तपासणी आणि निगा



उत्सवाचे दिवस जवळ आले की वीज गेल्यास काय करावे, हा प्रश्न लहान देवस्थानांच्या व्यवस्थापकांपुढे हटकून उभा राहतो. नवे जनित्र घेण्याइतकी शिल्लक बहुधा नसते. अशा वेळी कोणी वापरलेले जनित्र स्वस्तात देऊ करतो, तर कोणी ते देणगी म्हणून आणून ठेवतो. यंत्र चांगले निघाले तर आरती अंधारात थांबत नाही. वाईट निघाले, किंवा चांगले असूनही चुकीचे जोडले गेले, तर देणगीचा पैसा आणि प्रसंगी माणसाचा प्राणही जातो. म्हणून या विषयाची माहिती येथे एकत्र देत आहोत.

इंदूरची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य वेगळे झाले आणि कोरबा परिसरातील मोठी औष्णिक वीजकेंद्रे त्या राज्याकडे गेली. उरलेल्या मध्य प्रदेशात विजेची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि 'कटौती' हा शब्द इंदूरच्या मराठी घरांतही रुळला. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी हेच मुख्य प्रश्न होते. त्या काळात घरोघरी, दुकानांत व मंदिरांत पेट्रोलवर अथवा घासलेटवर चालणारी छोटी जनित्रे आली. पुढे नर्मदेवर इंदिरासागर (१००० मेगावॅट) व ओंकारेश्वर (५२० मेगावॅट) हे प्रकल्प सुरू झाले. २०१३ साली राज्यात अटल ज्योती अभियान राबविले गेले आणि परिस्थिती बरीच पालटली.

तरीही पावसाळ्यातील वादळ, तुटलेली तार, जळालेले रोहित्र आणि देखभालीसाठीचा पुरवठाबंद ही कारणे संपलेली नाहीत. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील वीजजाळे कोसळले. त्या घटनेची सुरुवात आपल्याच राज्यातील बिना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरून झाली होती. इंदूरचे पाणीही विजेवरच अवलंबून आहे. १९७८ पासून नर्मदेचे पाणी जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर पंपांनी चढवून शहरात आणले जाते. तात्पर्य, गरज कमी झाली असली तरी ती उरलेली आहे. मात्र रोज चार तास चालणारे यंत्र आणि वर्षातून दहा वेळा लागणारे यंत्र यांची निवड एकच असू शकत नाही.

प्रथम भार मोजावा

यंत्र पाहण्यास जाण्यापूर्वी वीज गेल्यावर काय काय चालू ठेवावयाचे आहे, याची यादी करावी. उदाहरणार्थ, २० वॅटचे १० दिवे म्हणजे २०० वॅट, ७५ वॅटचे ६ पंखे म्हणजे ४५० वॅट आणि ध्वनिवर्धक २५० वॅट, अशी एकूण बेरीज ९०० वॅट होते. त्यावर चौथा हिस्सा राखीव धरला तर सुमारे ११२५ वॅट होतात. एवढ्यासाठी दीड केव्हीएचे जनित्र पुरते.

पाण्याचा पंप मात्र या हिशेबात नुसता मिळवू नये. एक अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण १००० ते ११०० वॅट घेतो, परंतु सुरू होताना क्षणभर तीन ते सहा पट प्रवाह ओढतो. त्यासाठी जनित्र तीन ते पाच केव्हीएचे लागते. पंप आधी एकटा सुरू करून मग दिवे व पंखे जोडले, तर लहान यंत्रावरही काम निभावते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. साध्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. त्यामुळे पाटीवरील क्षमतेतून सहा टक्के येथेच वजा होतात, आणि उन्हाळ्याच्या झळांत आणखी थोडी घट होते.

केवळ दिवे व ध्वनिवर्धक चालवावयाचे असतील तर बॅटरीवरील इन्व्हर्टर अधिक सोयीचा ठरतो. छोटे पेट्रोल जनित्र एक युनिट विजेसाठी साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल घेते. म्हणजे पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तरी ही वीज युनिटमागे ५० ते ७५ रुपयांना पडते. हा हिशेब विश्वस्तांनी खरेदीपूर्वी पाहावा.

कोणते यंत्र घ्यावे

जुन्या बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात: पेट्रोलवर चालणारी, पेट्रोलवर सुरू होऊन घासलेटवर चालणारी, आणि डिझेलवर चालणारी. घासलेटची यंत्रे आज स्वस्त मिळतात, पण ती घेण्याचा मोह टाळावा असे आम्ही सुचवितो. शिधापत्रिकेवरील घासलेट स्वयंपाक व दिवाबत्तीसाठीच असते. ते यंत्रात जाळणे नियमबाह्य आहे आणि देवस्थानास शोभणारेही नाही. डिझेलचे यंत्र टिकाऊ असते, परंतु जड असते आणि थोड्या भारावर दीर्घकाळ चालविल्यास आतून काजळते. क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी भार राहणार असेल तर डिझेलचे मोठे यंत्र घेऊ नये.

यंत्रावरील पाटी वाचल्याखेरीज बोलणे पुढे नेऊ नये. आपल्याकडील पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचा आहे. परदेशातून आलेली काही यंत्रे ६० हर्ट्‌झची असतात, ती आपल्या उपयोगाची नाहीत. पाटी खरवडलेली किंवा क्रमांक पुसलेला असेल तर यंत्र चोरीचे असण्याची शंका धरून परत फिरावे. त्या नमुन्याचे सुटे भाग शहरात मिळतात काय, हे विक्रेत्यास न विचारता दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीस विचारावे.

तपासणीचा क्रम

१. प्रथम इंजिनाला हात लावून पाहावे. ते आधीच गरम असेल तर थंड इंजिन सुरू होण्यास त्रास देत असावे, अशी शंका घ्यावी. विक्रेत्यास आधीच सांगावे की यंत्र थंड पाहिजे.

२. दोरी सावकाश ओढावी. ठरावीक जागी चांगला अटकाव जाणवला पाहिजे. दोरी सैल फिरत असेल तर दट्ट्या, कडी अथवा झडपा झिजल्या आहेत असे समजावे.

३. डिपस्टिकवरील ऑइल पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. धातूचा चुरा चमकला तर यंत्र घेऊ नये.

४. स्पार्क प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी असेल तर मिश्रण बिघडले आहे. तेलकट थर असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे.

५. सुरू झाल्यावर धूर पाहावा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा, तर काळा धूर कोंडलेल्या फिल्टरचा किंवा जादा इंधनाचा असतो. थंड इंजिनाचा थोडा पांढरा धूर लगेच थांबला तर काळजी नाही.

६. भार देऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दिवा लागला म्हणजे जनित्र चांगले, असे नव्हे. इस्त्री, हीटर किंवा मोठे दिवे लावून पाटीवरील क्षमतेच्या तीन चतुर्थांश भार किमान अर्धा तास द्यावा. विद्युत मिस्त्रीकडून व्होल्टेज व वारंवारता मोजून घ्यावी. भाराशिवाय वारंवारता ५२ च्या आसपास आणि भारावर ५० च्या जवळ असावी. व्होल्टेज २१० च्या खाली घसरत असेल किंवा सतत हेलकावत असेल तर दोष आल्टरनेटरमध्ये, नियामकात किंवा इंजिनाच्या गतिनियंत्रकात आहे.

७. इंधनटाकीत विजेरीने पाहावे. आतील गंज कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतो.

नुकताच दिलेला रंग हा गुण मानू नये. तासमापकाच्या आकड्यावरही फार विसंबू नये, तो बदलता येतो. फार दिवस पडून राहिलेले यंत्र सुरू होऊनही वीज देत नसेल तर आल्टरनेटरमधील शिल्लक चुंबकत्व गेलेले असू शकते. हा दोष जाणकार मिस्त्री थोडक्यात दूर करतो. त्यामुळे तेवढ्यावरून यंत्र नाकारू नये, मात्र किंमत ठरविण्यापूर्वी ते दुरुस्त करवून घ्यावे.

खरेदी व दुरुस्ती मिळून खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जात असेल तर नवेच घ्यावे, असे आमचे मत आहे. नव्या यंत्रांचा आवाज व धूरही कमी असतो. खरेदीची सहीची पावती घ्यावी, तिच्यावर यंत्राचा क्रमांक नोंदवावा आणि ती हिशेबास जोडावी. देणगी म्हणून आलेल्या यंत्राचीही हीच तपासणी व्हावी. दात्याच्या भावनेचा मान राखूनही नादुरुस्त यंत्र नम्रपणे नाकारता येते.

जोडणी: येथे तडजोड नाही

काही ठिकाणी दोन्ही टोकांना पिन असलेली तार करून जनित्राची वीज भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडतात. हा प्रकार प्राणघातक आहे. मुख्य स्विच बंद करावयाचा राहिला तर ही वीज उलट वाहिनीत जाते. रोहित्रातून उलट जाताना तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो, आणि खांबावर दुरुस्ती करणारा लाइनमन वाहिनी बंद आहे अशा समजुतीने तिला हात लावतो. आपल्यासाठीच पावसात खांबावर चढलेल्या त्या माणसाचा जीव आपल्या हातात असतो.

म्हणून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून बसवून घ्यावा. त्याच्या रचनेमुळे एका वेळी पुरवठा किंवा जनित्र यांपैकी एकच जोडले जाते. जनित्राच्या सांगाड्यास अर्थिंग द्यावे. त्याची पद्धत आयएस ३०४३ या भारतीय मानकात दिलेली आहे. गळती-रोधक स्विच बसविलेला असला तरी जनित्राचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर तो धक्क्याच्या वेळी पडत नाही, हे ठेकेदाराच्या नजरेस आणावे. तीन केव्हीएपर्यंतच्या जोडणीस किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असावी.

धूर, इंधन आणि आवाज

जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही व त्यास वासही नसतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि मग शुद्ध हरपणे, असा त्याचा क्रम असतो. झोपलेल्या माणसास यांपैकी काहीच कळत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात हिमवादळाने वीज गेली, तेव्हा थंडीपासून बचावासाठी घरात जनित्रे व मोटारी चालवून अनेकांनी प्राण गमावले. आपल्याकडे पावसापासून वाचवावे म्हणून जनित्र जिन्याखाली, भांडारगृहात किंवा सभामंडपाच्या कोपऱ्यात आणले जाते. तसे कदापि करू नये. खिडकी उघडी ठेवल्यानेही धोका टळत नाही. यंत्र उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर, धुराचे तोंड इमारतीच्या उलट बाजूस करून ठेवावे. वर पत्र्याचे छप्पर असावे व चारही बाजू मोकळ्या असाव्यात. जेथे यात्रेकरू रात्री निजतात, तेथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

यंत्र चालू असताना अथवा गरम असताना टाकीत इंधन ओतू नये. नंदादीप, कापूर, धूप व होमकुंड यांच्या आसपास पेट्रोल येऊ देऊ नये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. मात्र ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात असावे, आणि असा एक डबा २५ लिटरहून मोठा नसावा. प्लॅस्टिकच्या बाटल्या व कॅन वापरू नयेत. जवळ कोरड्या रासायनिक पावडरचे अग्निशामक यंत्र ठेवावे.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जुने यंत्र शेजाऱ्यांच्या खिडकीखाली रात्रभर चालविणे हे उत्सवाचे अंग नव्हे.

निगा

बहुतेक जुनी यंत्रे वापराने कमी आणि पडून राहिल्याने अधिक बिघडतात. पुढील क्रम भिंतीवर लावून ठेवावा.

प्रत्येक वेळी: सुरू करण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहावी. भार जोडण्याआधी व तोडल्यानंतर यंत्र दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्यावे.

दर महिन्यास: अर्धा तास भारावर चालवावे. त्याने चुंबकत्व टिकते व ओल निघून जाते. बॅटरी असल्यास ती भारित ठेवावी.

दर ५० तासांस: एअर फिल्टर साफ करावा. धुळीच्या दिवसांत हे काम अधिक वेळा करावे.

दर १०० तासांस अथवा सहा महिन्यांस: पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑइल बदलावे व प्लग साफ करून त्याची फट तपासावी. खरेदी केलेल्या जुन्या यंत्राचे ऑइल मात्र पहिल्याच दिवशी बदलावे.

साठवणीपूर्वी: आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व कार्ब्युरेटर यांस अपाय करते. महिनाभर यंत्र लागणार नसेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

एका वहीत चालविल्याची तारीख, तास, इंधन व दुरुस्ती यांची नोंद ठेवावी, आणि यंत्राची जबाबदारी नावानिशी एका सेवेकऱ्याकडे व त्याच्या अनुपस्थितीत दुसऱ्याकडे द्यावी. ज्यास चेंजओव्हर स्विच समजत नाही त्याने जनित्रास हात लावू नये, हा नियम विश्वस्तांपासून सर्वांस सारखाच लागू असावा.

सभासदांनी ही माहिती आपापल्या घरी, सोसायटीत व परिचयाच्या देवस्थानांतही सांगावी, ही नम्र विनंती.

विनीत,
विश्वस्त मंडळ