संदल, धुमाल आणि डीजे

शब्दांनाही इतिहास असतो. ‘संदल’ हाच शब्द घ्या. अरबी-फारसीत संदल म्हणजे चंदन. उरुसाच्या वेळी चंदनाचा लेप मिरवणुकीने मजारपर्यंत न्यायचा आणि तिथे अर्पण करायचा, या विधीलाही आपल्याकडे संदल म्हणतात. पण नागपूर, भंडारा, गोंदिया या भागात लग्नघरी कुणी ‘संदल कोणाची ठरवली?’ असे विचारले, तर त्याचा चंदनाशी काही संबंध नसतो. वरातीपुढे ढोल-ताशे वाजवणाऱ्या पार्टीला इकडे संदल म्हणतात. तिचे अधिक धडाक्याचे रूप म्हणजे धुमाल. आणि आता या दोघांनाही मागे सारून डीजे पुढे निघाला आहे.

दर्ग्याच्या मिरवणुकीतला एक शब्द हिंदू, बौद्ध, मुसलमान अशा सर्वांच्या लग्नमंडपात कसा पोहोचला? इतिहासाची पुस्तके राजांची आणि लढायांची नोंद ठेवतात. मिरवणुकीपुढे घाम गाळत चालणाऱ्या वाजंत्र्याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. म्हणूनच त्याचा माग काढण्याचा हा प्रयत्न.

सुरुवात नगाऱ्यापासून करावी लागेल. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये बादशाही नक्कारखान्याचे वर्णन आहे. त्यात नगारे, ढोल, कर्णे, सनया आणि झांजा यांची यादी दिली असून अकबर स्वतः नगारा उत्तम वाजवत असे, असेही नमूद केले आहे. राजदरबारात मोठा आवाज हे सत्तेचे चिन्ह होते. तोच आवाज दर्ग्यांवर आणि मोहरमच्या मिरवणुकांत आला तेव्हा मात्र तो सामान्य माणसाच्या हाती पडला. जाफर शरीफ यांचा दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवरील ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ १८३२ साली लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात मोहरमच्या सवाऱ्यांचे व उरुसाच्या संदलचे तपशीलवार वर्णन आढळते.

ताशाने तर समुद्रही ओलांडला. १८४५ पासून हिंदुस्थानी गिरमिटिया मजूर त्रिनिदाद बेटावर जाऊ लागले. त्यांच्याबरोबर मोहरम गेला आणि ताशाही गेला. तिथे या मिरवणुकीला ‘होसे’ म्हणतात. उसाच्या मळ्यांतले हिंदू आणि मुसलमान मजूर तिच्यात खांद्याला खांदा लावून चालत. इंग्रज सरकारला त्या एकीची भीती वाटली. मिरवणुकांवर निर्बंध घालण्यात आले आणि ३० ऑक्टोबर १८८४ रोजी निर्बंध मोडून निघालेल्या जमावावर गोळीबार झाला. त्यात किमान सोळा माणसे ठार झाली. आज त्याच त्रिनिदादमध्ये लग्नात ताशा वाजतो. मोहरमचा ताशा लग्नात जाणे आणि उरुसाचा संदल वरातीत जाणे, या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. कष्टकऱ्यांनी आपल्या दुःखाचे वाद्य आपल्या आनंदासाठीही वापरले, इतकाच त्याचा अर्थ.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. नागपूरजवळच्या कामठीला इंग्रजांनी १८२१ मध्ये लष्करी छावणी वसवली. छावणी म्हटली की पलटण आली आणि पलटणीबरोबर बँड आला. देशभरातील अशा छावण्यांमधून पितळी वाद्ये, ड्रम आणि क्लॅरिनेट हळूहळू बाजारपेठेत उतरले व लग्नाची बँडपार्टी जन्माला आली. तिचा पोशाखही लष्करी वळणाचा होता. लाल-निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि डोक्यावर तुऱ्याची टोपी. दिवसा हमाली किंवा हातमागावर काम करणारा माणूस संध्याकाळी हा कोट चढवून काही तासांपुरता रुबाबदार होई. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतातील लग्नाच्या बँडवर २००५ मध्ये एक ग्रंथ लिहिला. या धंद्यात मुसलमान मालक आणि वादक किती मोठ्या संख्येने आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. त्यांच्या जोडीला दलित समाजातील वादक होते. ज्या हातांना समाजाने मान दिला नाही, त्याच हातांनी त्याची लग्ने वाजवली.

याच कामठीत २७ जानेवारी १८६१ रोजी हजरत बाबा ताजुद्दीन यांचा जन्म झाला. तरुणपणी ते फौजेत होते. पुढे त्यांच्या मस्त-मलंग वृत्तीमुळे १८९२ मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. तिथेही भक्तांची रीघ लागली. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सन्मानाने आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले. मराठा राजाने मुसलमान फकिराला घरी आणावे आणि त्याच्या मजारवर सर्व धर्मांच्या लोकांनी माथा टेकवावा, ही नागपूरची खरी संस्कृती आहे. ताजबागच्या उरुसात संदल निघतो तेव्हा पुढे वाद्ये असतात. या मातीत ‘संदल’ हा शब्द मजारपासून वाद्यांकडे आणि वाद्यांपासून वादकांकडे सरकला, यात नवल नाही.

यानंतरचा बदल यंत्राने घडवला. १९८० मध्ये जपानच्या कॅसिओ कंपनीने स्वस्त की-बोर्ड बाजारात आणले. १९८५ मध्ये रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड आला. ही दोन यंत्रे भारतातील ऑर्केस्ट्रात आणि तिथून रस्त्यावर पोहोचली. नागपूर, गोंदिया, बालाघाट आणि पलीकडे दुर्ग-रायपूर या पट्ट्यात धुमाल पार्टी रूढ झाली. गाडीवर की-बोर्ड, पॅड आणि भोंगे चढवलेले. गाडीपुढे ढोल-ताशे वाजवणारी पोरे. सर्वांचा एकसारखा टी-शर्ट आणि त्यावर पार्टीचे नाव. लष्करी कोट जाऊन टी-शर्ट आला, पण मंडळी एकत्रच होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचा हंगाम असतो, नाटके होतात, मग लगीनसराई येते. या सर्वांत धुमालला मागणी आली. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि पुढे अनेक गावांना आपली घरे, शेते, देवळे व कब्रस्ताने सोडून नव्या वसाहतींत जावे लागले. गावे हलली, तरी लग्नात ताल हवाच होता. वाजवणारा माणूस नव्या वस्तीतही आपले कसब घेऊन जाऊ शकतो. शेत मात्र नेता येत नाही.

डीजे आला तो महानगरातून. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागेवर मॉल, बार व क्लब उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात ‘फायर अँड आइस’ हा गाजलेला क्लब निघाला. जिथे कामगाराच्या पाळीचा भोंगा होत असे, तिथे श्रीमंतांची मुले रात्रभर नाचू लागली. याच काळात डीजे हा एक झगमगता व्यवसाय बनला. अकबर सामी, अकील अशी नावे क्लबांत, फॅशनच्या वर्तुळात आणि जुन्या गाण्यांच्या रिमिक्समुळे घराघरांत पोहोचली. खेड्यातल्या पोराने क्लब कधी पाहिला नाही, पण रिमिक्सची सीडी त्याच्या हाती आली. मग एक मिक्सर आणि ट्रॉलीभर स्पीकर घेऊन तोही डीजे झाला.

इथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. जगात डीजेची परंपरा एकट्या माणसाची नव्हती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या जमैकन तरुणाने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या वाजवल्या आणि गरीब काळ्या वस्तीतून हिपहॉप उभे राहिले. पूर्व लंडनमध्ये १९८० च्या दशकात हारून आणि फारूक शमशेर या बांगलादेशी वंशाच्या भावांनी ‘जॉय बांगला’ नावाचा गट काढला. वर्णद्वेष सोसणाऱ्या मुलांना आपल्या भाषेचा व संगीताचा अभिमान वाटावा, हा त्यामागचा हेतू. पुढे १९९५ मध्ये तलविन सिंग यांच्या ‘अनोखा’ या साप्ताहिक मैफलीने लंडनच्या ब्लू नोट क्लबात तबला आणि यंत्रसंगीत एकत्र आणले. जे संगीत वस्तीत जन्मले, ते शहराच्या फॅशनचा भाग झाले. हारून १९९९ मध्ये अकाली वारले. बांगलादेशात फिरून त्यांनी जमवलेल्या ध्वनिमुद्रणांतून फारूक यांनी पुढचा अल्बम साकारला. यंत्र तेच होते, पण त्यामागे सोबत होती, आठवण होती.

आपल्याकडे नेमकी ही सोबतच हरवली. बँडपार्टीत वीस माणसांच्या घरी चूल पेटत असे. धुमालमध्ये दहा-पंधरा. डीजेच्या ट्रॉलीवर एक ऑपरेटर आणि एक ड्रायव्हर पुरतो. ज्या वादकाचे वडील क्लॅरिनेट वाजवत, तो आज स्पीकर उचलण्याच्या मजुरीवर आला आहे.

दुसरा प्रश्न कानांचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तज्ज्ञांच्या मते ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत सोसता येतो. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. हे गणित सातवीच्या मुलालाही करता येते, पण मिरवणुकीत ते कुणी करत नाही.

हे फक्त इतरांच्या सणांबद्दल बोलून भागणार नाही. निकाहात डफ वाजवण्यास मुभा असल्याचे उलेमा हदीसच्या आधारे सांगतात; इतर वाद्यांबाबत मतभेद आहेत. पण ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीत भिंती हादरवणारा डीजे असावा, असे कोणताही मतप्रवाह सांगत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, मर्यादेपलीकडचा आवाज गणेशोत्सवात घातक असेल तर तो ईदच्या मिरवणुकीतही तितकाच घातक आहे. ही समान न्यायाची भाषा आहे आणि ती आपण मनापासून स्वीकारली पाहिजे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या तेव्हा मुंबईतील मुस्लिम बांधवांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली. शेजाऱ्यासाठी दिवस बदलता येतो, तर आवाजही कमी करता येईल.

डीजेला शिव्या देऊन इतिहास मागे फिरत नाही. नगाऱ्याला ताशाने, बँडला धुमालने मागे टाकले, तसे डीजेलाही उद्या काही तरी मागे टाकेल. निवड मात्र आपल्या हाती आहे. लग्न ठरवताना, उरुसाची वर्गणी गोळा करताना, एक ट्रॉली सांगायची की दहा हातांना काम द्यायचे, हे आपणच ठरवतो. चंदनाचा गुण असा की तो आवाज न करता दरवळतो. ज्या शब्दाचा मूळ अर्थच चंदन आहे, त्या संदलने निदान शेजारच्या घरातील आजाऱ्याची झोप मोडू नये आणि वाजवणाऱ्याची भाकर हिरावू नये, एवढे आपण पाहिले तरी पुष्कळ होईल.