खांद्याची गोळी आणि भरतपूरची गिधाडं

जयपूरला राहत असताना माझा उजवा खांदा धरला. मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना, त्या कुशीवर झोपता येईना. डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक लिहून दिलं. हे नाव मी आधी ऐकलं होतं ते गिधाडांच्या संदर्भात.

अशा आखडलेल्या खांद्याचं वर्णन फ्रान्सच्या द्युप्ले यांनी १८७२ मध्ये केलं. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनच्या कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. तेव्हा दुखण्यावर गोळी म्हणजे अ‍ॅस्पिरिन. पुढे फिनाइलब्युटाझोन, इंडोमेथासिन, आयबुप्रोफेन आली आणि सत्तरच्या दशकात डायक्लोफिनॅक. या सगळ्या औषधांची वाट एकच. सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ती शरीरात तयार होऊ देत नाहीत. हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं.

मग सरस कोणतं? खांद्यापुरतं म्हणाल तर फारसं डावंउजवं नाही. थोडे दिवस दुखणं कमी होतं. आखडलेला खांदा मात्र गोळीनं सुटत नाही. फरक दिसतो तो जठरात, हृदयात, मूत्रपिंडात. पोटाला सोसणारं म्हणून गाजलेलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून गेलं.

सगळ्यात मोठा फरक मात्र माणसात दिसलाच नाही. जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला भरतपूर लागतं. तिथल्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या बीएनएचएसचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकात त्यांना झाडांवर माना टाकून बसलेली आणि खाली मरून पडलेली गिधाडं दिसली. आधी संशय रोगाचा होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवरून कारण दाखवलं: गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक. मेलेलं ढोर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. त्याच जातकुळीतलं मेलॉक्सिकॅम मात्र त्यांना बाधत नाही!

२००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीची करावी लागली. अ‍ॅसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. तरी गुरांसाठी त्याच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं, केटोप्रोफेनसोबत.

माझा खांदा सुटायला वर्ष लागलं, तेही व्यायामानं. त्या हिवाळ्यात भरतपूरला गेलो. दुर्बीण डाव्या हातात धरली. करकोचे पाहिले, सारस पाहिले. गिधाड एकही दिसलं नाही.