सांधा नवा, स्नायू जुनेच

उजव्या पायावर उभे राहा, उजवा तळवा खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा आणि डावा पाय अलगद उचला. तळव्याखालचा स्नायू टणक झालेला जाणवेल. कंबर आडवी तोलून धरण्याचे काम तो करतो. तो दुबळा पडला, की उचललेल्या पायाकडची बाजू खाली कलते आणि माणूस झोकांडत चालू लागतो. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी ही खूण १८९५ साली सांगितली. खुब्याचे दुखणे हाडाइतकेच स्नायूंचेही असते, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लंडात रायटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा गोळा असलेला सांधा बसवायला सुरुवात केली. त्याआधीच्या टेफ्लॉनच्या वाट्या झिजून गेल्या होत्या. आपण शाळेत शिकवतो ते तरफेचे गणितही त्यांनी विचारात घेतले: वाटी आतल्या बाजूला सरकवली आणि स्नायू जिथे जोडलेला असतो तो हाडाचा उंचवटा बाहेर नेला. स्नायूचा भुज वाढला, की तेवढेच वजन कमी जोरात तोलता येते.

पण तरफ सुधारली तरी जोर स्नायूलाच लावायचा असतो. वर्षानुवर्षे दुखणारा पाय जपून वापरल्याने तो रोडावलेला असतो. त्यात शस्त्रक्रियेची आणि वयाची भर पडते. वेदना मात्र लवकर थांबते. त्यामुळे रुग्ण बरा झाला असे सर्वांना वाटते आणि ताकद मोजायचे राहून जाते.

ताकद परत आणण्याची रीत सांध्याहून जुनी आहे. जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वाढत्या वजनाचा व्यायाम देण्याची पद्धत अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी १९४५ साली मांडली. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५२ साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. तरीही म्हाताऱ्या माणसांना वजन उचलायला लावण्याचे धाडस बराच काळ कोणी करीत नसे. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या घरातील माणसांनी आठ आठवडे असा व्यायाम केला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २००४ साली कोपनहेगनमध्ये खुब्याचा सांधा बदललेल्या ३६ वृद्धांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवडे वजनाचा व्यायाम केलेल्या गटात मांडीचा स्नायू सुमारे १२ टक्क्यांनी भरला. नेहमीचे हलके व्यायाम करणाऱ्यांत तो भरला नाही.

शस्त्रक्रिया नागपूरला झाली, तरी पुढचे तीन महिने दारव्ह्याच्या घरातच जायचे असतात. तिथे सून प्रेमाने म्हणते, "आई, तुम्ही बसा, मी करते." बसून राहिल्याने स्नायू आणखी झिजतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर उंच खुर्चीतून उठणे-बसणे, आधार धरून पाय बाजूला उचलणे आणि मग हळूहळू वजन वाढवणे, याला मोठी साधने लागत नाहीत. घरात आजी-आजोबा असलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. एका पायावर उभे राहण्याचा प्रयोग आधी त्यांच्याकडून करून घ्यावा. स्नायूला काम का हवे, ते मग घरी तेच समजावून सांगतील.