एका गावात दोन टेलिफोन

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनविषयक मूळ पेटंटांची मुदत 1893 व 1894 साली संपली, त्या वेळी साऱ्या अमेरिकेत अडीच लाखांच्या आसपास टेलिफोन होते. बेल कंपनीचे दर भारी होते आणि तिचे लक्ष मोठ्या शहरांवर असे. खेड्यापाड्यांकडे पाहावयास तिला सवड नव्हती. मक्ता सुटताच गावोगाव स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी तर कुंपणाच्या काटेरी तारांवरूनही संभाषणे सुरू केली. चुरशीमुळे बेल कंपनीलाही दर उतरवावे लागले. 1907 पर्यंत टेलिफोनांची संख्या सुमारे 60 लाखांवर गेली. त्यांतील जवळजवळ निम्मे स्वतंत्र कंपन्यांचे होते.

परंतु या भरभराटीत एक वैगुण्य होते. बेल कंपनी प्रतिस्पर्ध्यांच्या तारा आपल्या तारांस सहसा जोडू देत नसे. म्हणून ज्या गावी दोन कंपन्या असत, तेथील दुकानदाराला सर्व गिऱ्हाइके राखावयाची तर दोन टेलिफोन ठेवून दुहेरी वर्गणी भरावी लागे. 1907 साली बेल कंपनीचे अध्यक्ष झालेल्या थिओडोर व्हेल यांनी यावर उपाय म्हणून एकाच यंत्रणेचा पुरस्कार केला आणि प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला. सरकारने हरकत घेतली, तेव्हा 1913 साली स्वतंत्र कंपन्यांना आपल्या दूर पल्ल्याच्या तारा जोडून देण्याचे बेल कंपनीने मान्य केले. तोवर उशीर झाला होता. गावोगावची चुरस पुढे मावळली आणि बेलचे वर्चस्व 1984 पर्यंत टिकले.

टेलिफोन खेड्यात नेला तो स्पर्धेने. मात्र जोडणीची सक्ती वेळीच न झाल्यामुळे लोकांपुढे दोनच वाटा उरल्या : दुहेरी वर्गणी, नाही तर एकाच कंपनीची मर्जी.